वैद्यकीय संशोधन आणि अल्पसंख्य समाज

१९६९ सालची हकीकत आहे. भारतीय उपखंडांतून जाऊन इंग्लंडांतील कोव्हेंट्री शहरांत स्थायिक झालेल्या कुटुंबांपैकीं एकवीस बायकांच्या घरीं कांहीं दिवस तयार पोळ्या पोंचविल्या जाऊं लागल्या. त्या पोळ्यांच्या कणकेंत लोह-५९ या नांवाचें किरणोत्सर्गी लोह घातलेलें होतें. पुढें त्या बायकांना हार्वेल येथील अणुशक्तीच्या संशोधनकेंद्रांत नेऊन, पोटांत गेलेल्या लोहापैकीं किती लोह शरीरांत मुरलें, हें यंत्रानें मोजण्यांत आलें.

ज्या प्रश्नासाठीं हें सारें केलें, तो प्रश्न वाईट नव्हता, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. आपल्याकडून विलायतेंत गेलेल्या बायकांमध्यें रक्तक्षय फार आढळत असे. कोंड्यासकट दळलेल्या पिठांत असें एक द्रव्य असतें कीं, तें लोहाला धरून ठेवतें व शरीरांत शिरूं देत नाहीं. तेव्हां पोळी खाणाऱ्या माणसाला पोळींतून कितपत लोह मिळतें, हें शोधणें त्या बायकांच्याच हिताचें होतें. प्रयोगाला पैसा देणाऱ्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचें म्हणणेंही असेंच आहे कीं, लोहाचें प्रमाण अल्प होतें आणि धोका क्षुल्लक होता. तें म्हणणें आपण क्षणभर जसेंच्या तसें मान्य करूं. तरीही एक गोष्ट शिल्लक राहते. १९९५ सालीं दूरचित्रवाणीवर एक माहितीपट दाखविण्यांत आला, आणि त्यांत असें उघड झालें कीं, ज्यांच्या पोटांत त्या पोळ्या गेल्या त्यांतील कांहीं बायकांना इंग्रजी फारसें समजत नव्हतें, आणि आपण कशांत भाग घेत आहोंत याची त्यांना कल्पनाच नव्हती. २०२३ सालीं, म्हणजे चोपन्न वर्षांनंतर, कोव्हेंट्रीच्या एका पार्लमेंट-सभासद बाईंनीं या प्रकरणाच्या चौकशीची मागणी केली. लोह-५९ अवघ्या चव्वेचाळीस दिवसांत निम्मे होतें. अविश्वास मात्र अर्ध्या शतकानंतरही पुरता ओसरत नाहीं.

ही गोष्ट मीं श्रोत्यांना संताप यावा म्हणून सांगितली नाहीं. आपल्यांतील पुष्कळांचीं मुलें, बहिणी, भाचे आज परदेशीं आहेत. तेथें ते अल्पसंख्य आहेत. म्हणून अल्पसंख्य समाजाच्या रोगांचें संशोधन कसें आंखावें, हा प्रश्न आपल्याला दूरचा वाटूं नये, एवढाच माझा हेतु आहे. या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या स्वतःच्या दारापाशींच आहे. तिच्याकडे मी शेवटीं वळणार आहें.

कोव्हेंट्रीची हकीकत ऐकून कोणी सहज म्हणेल, "मग अशा लोकांना प्रयोगांत घेऊंच नये, त्यांना त्यांच्या घरीं सुखानें असूं द्यावें." हा उपाय वरवर दयाळूपणाचा दिसतो, परंतु तो दुसरा अन्याय आहे. ज्याला मोजलेंच नाहीं, त्याच्या अंगाला बेतलेलें औषध तरी कोण करणार?

याचें उदाहरण पुण्यांतीलच आहे. २००४ सालीं 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत दोन डॉक्टरांचें एक छायाचित्र प्रसिद्ध झालें. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. युडकिन. वजन व उंची यांवरून लठ्ठपणाचा जो अंक काढतात, तो दोघांचाही अगदीं सारखा, २२.३ इतकाच होता. त्या अंकाप्रमाणें दोघेही सडपातळ व निर्धास्त! परंतु शरीरांतील चरबी मोजली, तेव्हां लंडनच्या डॉक्टरांच्या अंगांत ती ९.१ टक्के आणि पुण्याच्या डॉक्टरांच्या अंगांत २१.२ टक्के निघाली. डॉ. याज्ञिकांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर बायकांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९३ पासून चालविला होता. त्यांत असें दिसून आलें कीं, आपल्याकडील बाळाचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बाळाचें ३.५ किलो असतें; तथापि आपल्या बाळाच्या अंगीं जी तूट असते ती मांसाची अधिक, चरबीची त्या मानानें थोडी. म्हणजे गोऱ्या लोकांच्या मापानें जो मनुष्य निरोगी ठरतो, तो आपल्याकडे मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा असूं शकतो. २००४ सालींच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं आशियांतील लोकांसाठीं पंचवीसऐवजीं तेवीस या अंकापासूनच सावध व्हावें, असें सुचविलें. पंचवीसचा आंकडा खोटा नव्हता. तो दुसऱ्याच्या अंगावरून घेतलेला होता. शिंप्यानें एकाचें माप घेऊन दुसऱ्याचा अंगरखा बेतावा, तसा हा प्रकार झाला.

असेंच दुसरें उदाहरण महामारीच्या काळांतील आहे. बोटाला चिमट्यासारखें लावून रक्तांतील प्राणवायूचें प्रमाण दाखविणारें यंत्र त्या दिवसांत घरोघर आलें होतें. तें यंत्र त्वचेंतून प्रकाश पाठवून आपलें गणित करतें. २०२० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं असें दाखवून दिलें कीं, रक्तांतील प्राणवायु खरोखर धोकादायक इतका उतरला असतांही यंत्रानें "ठीक आहे" असें सांगण्याचा प्रकार गोऱ्या रोग्यांपेक्षां काळ्या रोग्यांत जवळजवळ तिप्पट वेळां घडत होता. यंत्राच्या मनांत द्वेष नव्हता. ज्यांच्या बोटांवर तें पारखून घ्यावयास हवें होतें, तीं बोटें परीक्षेच्या वेळीं पुरेशीं हजर नव्हतीं, इतकेंच.

तेव्हां अल्पसंख्य समाजाला हा पेंच दोन्हीं बाजूंनीं पडतो. संशोधनांतून वगळलें तर औषध व यंत्र त्याच्या अंगाला बसत नाहीं. न विचारतां घेतलें तर त्याचा विश्वास जातो. आणि मग पुढच्या खेपेस एखादा प्रामाणिक संशोधक दारीं आला तरी दार उघडत नाहीं. तो संशोधक आपल्या अहवालांत लिहितो, "हे लोक सहकार्य करीत नाहींत." दार कां उघडलें नाहीं, हें मात्र त्या अहवालांत कोठेंच नसतें.

अमेरिकेंतील हवासुपाई नांवाच्या एका लहानशा आदिवासी जमातीची हकीकत या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. ग्रँड कॅन्यन नांवाच्या प्रचंड दरींत हे लोक राहतात. त्यांच्यांत मधुमेह फार बळावला होता. १९९० च्या सुमारास ॲरिझोना राज्यांतील विश्वविद्यालयाचे संशोधक तेथें गेले, व मधुमेहाचें मूळ शोधावें म्हणून लोकांनीं विश्वासानें आपलें रक्त त्यांना दिलें. पुढें २००३ सालीं त्याच जमातींतील एका मुलीला विश्वविद्यालयांत एक व्याख्यान ऐकतांना कळलें कीं, तेंच रक्त मनोविकृतीच्या, नात्यांतील विवाहांच्या, आणि त्यांचे पूर्वज आशियांतून आले काय या प्रश्नाच्या अभ्यासासाठींही वापरलें गेलें आहे. आपला जन्म या दरींतच झाला, अशी त्या लोकांची धर्मश्रद्धा आहे. या श्रद्धेला शास्त्रानें नमावें, असें कोणीही म्हणणार नाहीं. परंतु मधुमेहासाठीं दिलेलें रक्त तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरावयाचें, तर निदान विचारावयास तरी हवें होतें. प्रकरण न्यायालयांत गेलें. २०१० सालीं तडजोड झाली. विश्वविद्यालयानें एक्केचाळीस जणांना मिळून सात लक्ष डॉलर दिले, आणि उरलेलें रक्त त्या लोकांच्या स्वाधीन केलें.

आतां, हें काम चांगल्या रीतीनें कसें होतें तें पाहूं. त्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाला गडचिरोली जिल्हा आहे. दाट अरण्य, आणि गोंड, माडिया वगैरे आदिवासींची मोठी वस्ती. १९८६ सालापासून डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग हें दांपत्य 'सर्च' नांवाची संस्था काढून तेथें काम करीत आहे. इस्पितळांत यावयास आपण कां भितां, असें त्यांनीं आदिवासींना विचारलें. उत्तर मिळालें तें कोणत्याही पुस्तकांत सांपडलें नसतें. मोठमोठ्या इमारतींत आम्ही वाट चुकतों, असें ते म्हणाले. आप्तांना तेथें राहूं देत नाहींत. आणि डॉक्टर, नर्सेस पांढरीं वस्त्रें घालतात, पण आम्ही पांढऱ्या वस्त्रांत प्रेत गुंडाळतों! तेव्हां इस्पितळ झोंपड्यांच्या गांवासारखें बांधलें गेलें, आप्तांच्या राहण्याची सोय झाली, आणि त्याला तेथील लोकांच्या दंतेश्वरी देवीचें नांव मिळालें.

कोणी म्हणेल, ही झाली इमारतीची गोष्ट. संशोधनाशीं हिचा काय संबंध? संबंध असा कीं, जो ऐकावयास शिकला त्याचे प्रश्न बदलतात आणि उपकरणेंही बदलतात. लहान मुलांचा फुप्फुसदाह ओळखावयाचा म्हणजे मुलाचे श्वास मिनिटाला किती पडतात हें मोजावें लागतें. गांवांतील सुईणीला तर दहा-बारांपलीकडे मोजतां येत नसे. सुईण अडाणी आहे, असें म्हणून तिला कामावेगळें करणें सोपें होतें. त्याऐवजीं एक साधें साधन तयार करण्यांत आलें. एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि शेजारीं तारेंत ओंवलेले मणी. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकवावा लागला, तर मूल आजारी. उणीव बाईंत नव्हती, मोजण्याच्या रीतींत होती, हें त्या मण्यांनीं सिद्ध केलें.

१९८९ सालीं डॉ. राणी बंग यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोन खेड्यांतील ६५० बायकांच्या तपासणीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. शेंकडा ब्याण्णव बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्यांपैकीं पूर्वीं कधीं तपासणी झालेल्या बायका शेंकडा आठच होत्या. ज्या दुखण्याचा उच्चार बाई आपल्या आईजवळही करीत नाहीं, त्याची तपासणी परक्या माणसाच्या हुकमानें होत नसते. पुढें नवजात अर्भकांच्या मृत्यूचा प्रश्न हातीं घेतला गेला. गांवांतीलच बाईला शिकवून तिला 'आरोग्यदूत' केलें. ३९ गांवांत ही योजना राबविली, आणि ४७ गांवें तुलनेसाठीं तशींच ठेवून तेथील जन्ममृत्यूंची तितक्याच कसोशीनें नोंद केली. योजनेच्या गांवांत हजार जन्मांमागें बासष्ट अर्भकें पहिल्या महिन्यांतच दगावत असत; तो आंकडा १९९७–९८ पर्यंत साडेपंचविसांवर आला. १९९९ सालीं हें 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झालें, आणि २०११ सालीं घरीं जाऊन बाळाची निगा राखण्याची ही पद्धति भारत सरकारनें 'आशा' कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू केली.

या आंकड्यांतच एका गंभीर शंकेचें उत्तर आहे. पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणतात कीं, लोकांना संशोधनांत भागीदार केलें तर शास्त्राचा निःपक्षपातीपणा राहणार नाहीं. लोकांना जें आवडतें तेंच सत्य ठरेल. ही भीति अगदींच निराधार नाहीं. परंतु येथें दोन गोष्टी निरनिराळ्या ठेविल्या पाहिजेत. काय विचारावें, कोणत्या भाषेंत विचारावें, कोणत्या वेळीं, कोणाकडून विचारावें आणि मिळालेल्या ज्ञानाचें पुढें काय करावें, यांत लोकांचा शब्द असावा. उत्तर काय आलें, तें मात्र मोजणीनेंच ठरावें. गडचिरोलींत आरोग्यदूत गांवची होती. पण अर्भकाच्या मृत्यूची नोंद गांवच्या इच्छेनें कमीजास्त होत नव्हती. तराजू कोठें मांडावा हें गिऱ्हाइकाला विचारलें, म्हणून तराजूचा कांटा खोटा होत नाहीं.

दुसरी अडचण भाषेची. पुष्कळ प्रयोगांच्या नियमांतच एक लहानसें कलम असतें: इंग्रजी न येणाऱ्यांस घेऊं नये. दुभाष्याचा खर्च वांचतो आणि एक सबंध समाज बाहेर राहतो. बरें, भाषांतर केलें म्हणजे काम झालें, असेंही नाहीं. लंडनच्या पूर्व भागांत सिल्हेट प्रांतांतून आलेले पुष्कळ लोक राहतात. त्यांची सिल्हेटी भाषा बहुधा बोलण्यापुरतीच असते. तिच्यांत लिहिण्याचा प्रघात थोडा. अशा घरांतील वृद्ध आजीबाईंच्या हातीं शुद्ध बंगालींतील छापील कागद देणें म्हणजे कोंकणांतील एखाद्या निरक्षर म्हाताऱ्याला संस्कृतांत आमंत्रण धाडण्यासारखें आहे. तेथें माणूस पाठवावा लागतो, बसून बोलावें लागतें, आणि तो दुभाष्या घरांतील दहा वर्षांचा नातू असून भागत नाहीं. कारण आजी आपलें दुखणें नातवाच्या तोंडून कधींच सांगणार नाहीं.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक आहे, ती संमतीची. समाजाचा म्होरक्या 'हो' म्हणाला कीं सर्वांची संमति मिळाली, असें समजण्याची चूक वारंवार होते. आपल्याच देशांत २००९–१० सालीं आंध्रच्या खम्मम जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा एक प्रकल्प झाला. लस मिळालेल्या मुलींत आश्रमशाळांतील पुष्कळ आदिवासी मुली होत्या. पुढें चौकशींत असें निष्पन्न झालें कीं, अनेक संमतिपत्रांवर आईबापांच्या ऐवजीं वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. लस चांगली कीं वाईट हा येथें प्रश्नच नाहीं. ती लस अनेक देशांत उपकारक ठरली आहे. प्रश्न असा कीं, शहरांतील इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापकांनीं आपल्या मुलीच्या वतीनें अशी सही परस्पर केली असती, तर आपण ती चालवून घेतली असती काय?

या अनुभवांतून शहाणे होऊन कांहीं समाजांनीं स्वतःच नियम घालून दिले आहेत. दक्षिण आफ्रिकेंतील सान लोकांनीं २०१७ सालीं संशोधकांसाठीं आपली एक आचारसंहिता प्रसिद्ध केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय आणि आस्था या गोष्टींची त्यांनीं मागणी केली आहे. आणि आधीं आमच्या मंडळाकडे या, काय करणार तें समजेल अशा भाषेंत सांगा, केलेल्या कामाचा हिशेब आम्हांला परत आणून द्या, असें बजावलें आहे. यांत शास्त्राला अडथळा होण्यासारखें कांहीं नाहीं. कोणाच्याही घरीं जाणारा सभ्य पाहुणा एवढें सहज पाळतो.

श्रोतेहो, आतां मघां सांगितलेल्या दुसऱ्या बाजूकडे वळतों. कोव्हेंट्रींतील पोळ्यांची हकीकत ऐकतांना आपण सारे मनानें त्या बायकांच्या बाजूला उभे राहिलों. तें स्वाभाविक आहे. पोळी आपली, भाषा आपली, माणसें आपलीं. परंतु भामरागडच्या माडिया बाईच्या दारांत जो तपासणीस उभा असतो, त्याची भाषा कोणती असते? ती असते मराठी. त्याच्या हातांतील कागद मराठींत असतो, आणि त्या बाईच्या घरांत बोलली जाते ती माडिया. तेथें ती अल्पसंख्य आहे, आणि इंग्रजाच्या जागीं आपण आहोंत. जी तक्रार आपण विलायतेंत करूं, तीच तक्रार आपल्याविरुद्ध करण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. एकाच मनुष्यानें एका गांवीं मोजला जाणारा आणि दुसऱ्या गांवीं मोजणारा असावें, हा या प्रश्नाचा विशेष होय. आणि म्हणूनच तो केवळ डॉक्टरांवर सोंपवून आपल्याला मोकळें होतां येत नाहीं.

आपल्यांपैकीं कांहीं घरांतील मुलें उद्यां डॉक्टर होतील, कोणी सरकारी कचेरींत अशा योजनांवर सही करतील, कोणी पैसा देणाऱ्या मंडळांवर बसतील. त्या वेळीं समोर आलेल्या कागदाला त्यांनीं थोडे साधे प्रश्न विचारावे. हा प्रश्न त्या लोकांना विचारून ठरविला आहे काय? ज्याच्या अंगाला हें औषध लागावयाचें आहे, तो या मोजणींत आहे काय? त्याला सांगितलें तें त्याच्या घरच्या भाषेंत काय? 'नाहीं' म्हणण्याची मोकळीक त्याला खरोखर होती काय? आणि काम झाल्यावर उत्तर सांगावयास कोणी त्याच्या दारीं परत जाणार आहे काय?

या शेवटच्या प्रश्नाला मी सर्वांत अधिक महत्त्व देतों. रक्त घेऊन जाणारी मोटार गांवांत येते, हें सर्वांनीं पाहिलें आहे. त्या रक्तांत काय सांपडलें हें सांगावयास तीच मोटार पुन्हां गांवांत आली, तर पुढच्या खेपेस दार ठोठावण्याची गरज पडणार नाहीं. तें उघडेंच असेल.